बंद काचेमागचं रडणं

तिचं तोंड उघडं व्हतं, सगळं उघडं, आतली जीभसुद्धा दिसत व्हती, डोळे मिटलेले, मुठी आवळलेल्या, आणि आवाज न्हाई. काहीच न्हाई. मी गाडीच्या काचेवर हात आपटत व्हते आणि मला वाटलं माझ्या पोरीचा आवाज गेला, न्हाईतर मीच बहिरी झाले. कान काचेला लावला. काच भाजत व्हती. मंग कुठं आतनं बारीक आलं, खोल विहिरीत मांजराचं पिल्लू वरडावं तसं. चावी माझ्याच पदराला बांधलेली, हरवू नये म्हणून गाठ मारलेली. हात कांद्याच्या मातीचे, घामाचे, गाठ सुटंना. दातानं धरली, वढली, पदर फाटला. दार उघडलं आणि रडणं असं अंगावर आलं की मी दोन पावलं मागं सरले. त्याच्या मागनं गरम हवा आली. चुलीवरच्या डेगचीचं झाकण काढल्यावर येती तशी.

सात महिन्यांची हाय ती. तोंड लालभडक, आंगडं ओलंचिंब, आणि एवढं रडून डोळ्यात पाणी न्हाई. मी तिला उचलली तर मान एका अंगाला गेली.

हे कसं झालं ते सांगते. मी आठवीपर्यंत शिकले, मला नीट मांडता येत न्हाई, पण जसं झालं तसं सांगते.

आमची वस्ती वारूळवाडीच्या पुढं, मळ्यात. तीन बाजूला ऊस. बिबट्या हाय, सगळ्यांना म्हायती हाय, नवीन काय न्हाई. मागल्या महिन्यात शेजारच्यांचं वासरू नेलं, ते पण दिवसाउजेडी. म्हणून आमच्याकडं गप्प कुणी चालत न्हाई. उसाच्या कडंनं जायचं तर मोबाईलवर गाणी लावायची, न्हाईतर खोकत जायचं, न्हाईतर उगं कुणाला तरी हाका मारायच्या. बारक्या पोरांच्या पायात घुंगराचे वाळे घालतात ते काय नटवायला न्हाई. पोर कुठं हाय ते कळलं पायजे. मी सैपाक करते, धुणं धुते, तरी माझे कान पोरीपाशी असतात. बघायला येळ कुठं असतो? आवाजावरच पोर संभाळते मी.

आमचे मालक, म्हंजे पोरीचे वडील, भाड्याची गाडी चालवतात. नारायणगावातनं पॅसेंजर घ्यायचे आन पुण्याला सोडायचे. गाडी जुनी, काच हातानं फिरवायची, दार चावीनं उघडायचं. आवाज एवढा की पेठच्या पुढं रस्ता खडबडीत लागला की आत बोललेलं कळायचं न्हाई. मी पोरीला घेऊन माहेरी डिंभ्याला जायची तर वाटंत पोरगी चार बारी दचकून उठायची. ट्रक गेला की उठली, खडी उडून पत्र्याला लागली की उठली. ह्यांना लई वाईट वाटायचं. एक दिवस म्हणाले, "आता बघच, तिला आजीच्या दारापर्यंत जाग येत न्हाई."

दोन दिवस गाडी नारायणगावात एका सीटकव्हरवाल्याकडं ठेवली. दुसऱ्या दिवशी मी पण गेले व्हते, पोरीला डोस द्यायचा व्हता म्हणून. बघते तर गाडी सोललेली. सीटा भाईर, दारांची पॅडं काढून भिंतीला लावलेली. तो माणूस आत वाकून काळ्या शीटा चिकटवत व्हता, डांबरासारख्या, वरनं चांदीचा कागद. गरम हवा मारायची, मऊ झाली की लहान रोलरनं दाबायची, फुगा राहू द्यायचा न्हाई. खाली तळाला, दारांना, मागच्या डिकीला. बोनटच्या आत गादी. दारांच्या कडंनं नवीन रबर. मला म्हणाला, "वहिनी, आता आत बसून किती बी भांडा, भाईर कुणाला कळायचं न्हाई." ह्ये हसले. म्हणाले, "मंग लई बरं झालं राव, हिचाच आवाज लोकांना जातो." मी पण हसले.

घरी आल्यावर सगळ्यांना दारावर टिचक्या मारून दाखवल्या. आधी दार डब्यासारखं वाजायचं, आता भरल्या कणगीवर हात मारावा तसं. दार लावलं की ठप्प. आणि खरंच, डिंभ्याला गेलो तर पोरगी घोडेगाव गेलं तरी झोपलेली. मला मात्र कसंतरी झालं. भाईर झाडं पळतात, ट्रक जातो, एसटी जाते, आणि आपण गोधडीत तोंड घातल्यासारखं. कानात माझं मलाच धडधडलेलं ऐकू यायला लागलं. मी म्हणाले, "अवो, काच जरा खाली घ्या." तर म्हणाले, "येवढं केलंय ते काच खाली घ्यायला का?"

मंग आमच्या कांद्याची सावड आली. सावड म्हंजे आज तुमी आमच्या रानात, उद्या आमी तुमच्या. शेजारच्या चार बाया येणार व्हत्या, आल्या तीन. सावडीला घरच्या सुनेनं आपल्या वाट्याची वळ सोडून उठायचं नसतं, लोकाच्या बाया खपतात आन हिचे लाड चाललेत असं व्हतं. सकाळी ह्यांनी गाडीनं बायांना, पाण्याचे हंडे, भाकरीची पाटी सगळं बांधावर सोडलं, गाडी लिंबाखाली लावली, चावी माझ्याकडं दिली कारण पोरीची पिशवी आत व्हती, आन दोस्ताच्या मोटरसायकलवर बारदान, कांद्याच्या रिकाम्या गोण्या, आणायला गेले.

ठरलं असं व्हतं की सासू पोरीला घेऊन लिंबाखाली बसंल. पण एक बाई कमी पडली. सासूला मी आत्या म्हणते. आत्या म्हणाल्या, "मी पण पात कापायला बसते, पोरीला झोपव."

मी म्हणाले, "झोळी बांधू का लिंबाला?"

"येड लागलंय का तुला? वासरू नेल्यालं इसरली? गाडीत टाक. लोखंड हाय, काय व्हतंय."

मी मागच्या सीटवर दुपटं टाकून झोपवली, उशा लावल्या, काच चार बोटं उघडी ठेवली. आत्या बांधावरनं वरडल्या, "काच वर कर! पंजा जातो आत!" मी वर केली. पूर्ण. दार लावलं, ठप्प, आन कुलूप लावून चावी पदराला बांधली.

मला त्या येळी काय वाटलं सांगू? बरं वाटलं. गाडी पंधरावीस पावलांवर. रडली की ऐकू येईल. एवढंच डोक्यात. शीटा डोक्यातच न्हाईत. ती गाडी आतनं भाईरचं ऐकू देत न्हाई हे मी सगळ्यांना सांगत व्हते, आन भाईर आतलं कसं येईल, हे त्या सीटकव्हरवाल्यानं हसत सांगितलेलं असून मला सुचलंच न्हाई.

बायांनी मोबाईलवर गाणी लावलेली, उसाच्या बाजूला ठेवलेला. मी दोनदा म्हणाले, "जरा बारीक करा, पोरगी उठली का बघू द्या." बारीक केलं. काय न्हाई. एक बाई म्हणाली, "गुणाची हाय गं तुझी. माझी असती तर आतापर्यंत रान डोक्यावर घेतलं असतं."

आत्या म्हणाल्या, "गाडीच तशी केलीय माझ्या लेकानं. पाळणा झालाय पाळणा."

मी खाली मान घालून पात कापत व्हते. सावली सरकली. लिंबाची सावली गाडीवरनं उतरून पलीकडं मोकळ्या वाफ्यात गेली, ते मी बघितलं न्हाई. मला उठवलं ते माझ्या अंगानं. छाती भरून आली, पोलकं ओलं झालं. तिच्या दुधाची येळ टळली व्हती. तशी ती कधी टळू देत न्हाई. मी विळा टाकला आन पळाले.

पुढचं सांगितलंच.

एका बाईच्या दिरानं मोटरसायकलवर आमाला नारायणगावात दवाखान्यात नेलं, मी मधी, मागं आत्या. मी तिच्या अंगावर ओला पदर धरलेला. ती वाटंत गप्प झाली. रडती तवर मला धीर व्हता. गप्प झाली तशी मी तिच्या पायाला चिमटे काढायला लागले, रड बाई, रड, म्हणत व्हते, आत्या मागनं म्हणत व्हत्या, "काय करतीस, मारतीस का तिला?"

दवाखान्यात सुई लावली. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "कुठं होती ही? बंद जागेत होती का?"

माझ्या आधी आत्या बोलल्या, "झोळीत व्हती, रानात. ऊन लागलं."

डॉक्टरीण माझ्याकडं बघत राहिल्या. मी फरशीकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. समजतंय का?" मी मान हलवली.

ह्ये आले तवा पोरगी डोळे उघडून बघत व्हती. ह्यांना पण आत्यांनी तेच सांगितलं, आन नंतर सावडीच्या बायांना पण तसंच सांगायला लावलं. ह्ये माझ्यावर वरडले, सगळ्यांच्या देखत, "गाडी व्हती ना तिथं? गाडीत झोपवायची सोडून झोळीत?" आत्या मला पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेल्या. हळू म्हणाल्या, "खरं काय ते म्हणालीस तर मी पण म्हणंन, चावी हिच्या पदराला व्हती. आई असून कळलं न्हाई म्हणतील लोक. माझं काय, मी म्हातारी."

वाईट न्हाईत त्या. त्या रात्रभर पोरीच्या पायाशी बसून व्हत्या. त्यांना लेकाची भीती वाटते, मला सगळ्यांचीच वाटते.

मी सांगायचा प्रयत्न केला. चार दिवसांनी अंगणात गाडी व्हती. मी माझा मोबाईल सीटवर ठेवला, गाणं फुल आवाजात लावलं, दार लावलं, आन ह्यांना गोठ्यापाशी उभं केलं. मी म्हणाले, "ऐकू येतंय का?"

"काय?"

"आत गाणं चालूय."

ह्ये दोन पावलं पुढं आले. अजून दोन. गाडीला हात लावला, खाली वाकले, आन तोंड असं फुललं ह्यांचं! "आयला! काय काम केलंय राव त्यानं!" लगेच सीटकव्हरवाल्याला फोन लावला. "भाऊ, बायकोनं टेस्ट घेतली, एक नंबर! आता छताला पण मारून टाकू." मी तिथंच उभी. तोंडात आलेलं सगळं परत आत गेलं.

काल छताला पण शीट लागली.

आणि उद्या आमच्या घरामागचा ऊस तुटणार हाय. तोडवाले रातीच आलेत. ऊस तुटला की आतलं जनावर भाईर पडतं, कुठल्या बाजूला पडंल सांगता येत न्हाई. दाराला आमच्या खालनं फट हाय. आत्या लेकीकडं गेल्यात. मला चुलीपाशी सोडून हलता यायचं न्हाई, तोडवाल्यांना च्या, आमच्या भाकरी. जेवताना ह्ये म्हणाले, "पोरीला उद्या गाडीत झोपवू. अंगणातच लावतो. काच लावून टाकू, मी हायेच की तिथं. रडली तर ऐकू येईल." त्या दिवशी गाणं ऐकू आलं न्हाई ते ह्यांच्या डोक्यातच न्हाई, माझ्यासारखंच, आन मी ते काढलं तर पुढचं सगळंच भाईर येईल.

मी म्हणाले, "नको."

"का?"

"गरम व्हतं."

"सावलीत लावतो."

"तरी नको."

"मंग कुठं ठेवतीस? झोळीत?" असं म्हणाले आन हात धुवायला उठले.

आता पोरगी माझ्या मांडीवर हाय. ह्ये भाईर गाडीचं बोनट पुसतायत, शीळ घालतायत, लेकीची सोय झाली म्हणून खूश हायेत. खरं सांगितलं तर आत्या घरात परत कशा येतील, आणि ह्ये मला काय म्हणतील, पोर माझ्याकडं ठेवतील का न्हाई, म्हायती न्हाई. आणि सांगितलं न्हाई तर उद्या सकाळी माझ्या हातातनं तिला उचलून नेतील आन दार लावतील. तुमी बायाच असाल वाचणाऱ्या, तुमाला पण सासू असंल, लेकरू असंल. खरं सांगा, तुमी काय केलं असतं?