रविवारची दृष्ट

रविवारी साडेपाच वाजता मी खुर्चीवर चढून स्मोक अलार्मचा सेल काढला. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम. मी सेल काढायचा आणि तिनं मिरच्या जाळायच्या. तीन वर्षं हेच चाललं होतं. सेल काढला नाही तर अलार्म बोंबलतो आणि शेजारची गोरी म्हातारी भिंतीवर काठी आपटते.

आमचा मुलगा अमेरिकेत फुटबॉल खेळतो. पायानं खेळतात तो नाही, हेल्मेट घालून खेळतात तो. डिफेन्सिव्ह लाइनमन. कामावरच्या कॅन्टीनमध्ये लोक विचारायचे, "गोल किती मारले?" मी सांगायचो, बाबांनो, त्याच्या हातात बॉल येतच नाही. समोर भिंतीसारखी माणसं उभी असतात. त्यांना ढकलून मागच्या बॉलवाल्यापर्यंत पोचायचं, एवढंच त्याचं काम. मग एक जण म्हणाला, "म्हणजे तुझ्यासारखंच. माल दुसऱ्याचा, हमाली आपली."

खरं बोलला तो. मी चौथी शिकलेला माणूस. मेव्हण्यानं बोलावलं म्हणून लंडनला, हाउन्सलोला आलो आणि विमानतळावर लोडर झालो तो रिटायर होईपर्यंत. विमानाच्या पोटात उभं राहता येत नाही. गुडघ्यावर बसायचं आणि बॅगा ओढायच्या. दोन्ही गुडघे गेले, कंबर गेली. पोराला पहिल्यांदा टीव्हीवर बघितलं तेव्हा तो एक हात जमिनीला टेकून, गुडघे वाकवून, ओणवा उभा होता. मी हिला म्हटलं, "बघ, हा पण वाकूनच कमावतोय."

ती म्हणाली, "तुमच्या डोक्यावर बॅगा नव्हत्या पडत."

पोर उशिरा झालेलं, एकुलतं एक. चौदाव्या वर्षी माझ्यापेक्षा उंच आणि दुप्पट रुंद. शाळेच्या टीमनं जाड म्हणून बाहेर काढला. मग पार्कात काही लोक हेल्मेट घालून धडका मारताना त्यानं बघितले आणि त्यांच्यात गेला. तिथं त्याला कोणी जाड म्हटलं नाही. वजन वाढव म्हणाले. ही सकाळी आठ अंडी आणि सहा भाकऱ्या करायची, आणि तो बसल्या जागी संपवायचा. पुढं तो ब्रॅकनेलला कॉम्प्युटरच्या ऑफिसात लागला. बरी नोकरी होती, खुर्चीवरची. आठ महिन्यांत सोडली. अमेरिकेतल्या लोकांनी इथल्या एका मैदानावर शंभरेक पोरं पळवून बघितली, त्यातली चार उचलली, त्यात हा.

आम्हाला वाटलं, झालं, पोरगं लागलं. तसं नसतं. तीन वर्षांत दोन टीमनी ठेवला आणि काढला. तिसरीनं ठेवला तो सरावापुरता. म्हणजे आठवडाभर बाकीच्यांनी याला धडका मारून सराव करायचा आणि रविवारी यानं साधे कपडे घालून कडेला उभं राहायचं. तरी ही दर रविवारी टीव्हीसमोर बसायची. कधी माणूस कमी पडला की तो दोन मिनिटं मैदानात यायचा. पडला की ही मोजायची. एक, दोन, तीन. तीनच्या आत उठला तर श्वास सोडायची. एकदा सातपर्यंत गेली होती. नंतर माझ्याशी बोलली नाही, जसा काही मीच पाडला होता त्याला.

आणि खेळ सुरू व्हायच्या आधी दृष्ट. सात सुक्या मिरच्या, मीठ, मोहरी मुठीत घ्यायची. टीव्हीवर त्यांच्या कपड्यांचा रंग दिसला की मूठ पडद्यावरून सात वेळा उतरवायची. मग लोखंडी तव्यावर टाकायची. ठसका लागला तर दृष्ट नव्हती. ठसका न लागता मिरच्या जळल्या, तर फार लागली होती, ती आता उतरली. मी म्हणायचो, "अगं, दृष्ट साता समुद्रापार लागते का?"

"फोन लागतो ना? मग."

त्या आधीच्या बुधवारची गोष्ट सांगतो. सगळं तिथं अडकलंय. पोराचा फोन आला. म्हणाला, माझ्या जागेवर खेळतो त्याचा खांदा गेला, या रविवारी मी पहिल्यापासून खेळणार. ही ऐकत होती. मग त्यानं आपल्या मोडक्या मराठीत विचारलं, "आई, मामीचा ऑपरेशन कसा झाला?" ही म्हणाली, बरं झालं. फोन ठेवल्यावर ही माझ्याकडे वळली.

"अहो, हे त्यानं काल विचारलं होतं. परवा पण."

"राहिलं असेल डोक्यात."

"राहत नाहीये, तेच तर सांगतेय. मागच्या महिन्यात पण दोनदा झालं. तुम्ही बोला त्याच्याशी. म्हणावं पुरे झालं, घरी ये."

"तू बोल की."

"माझं नाही ऐकणार. मी पहिल्यापासून रडतेय. तुम्ही कधीच नको म्हणाला नाहीत, तुमचं ऐकेल."

मी म्हटलं, बोलतो. रविवार होऊ दे.

खरं सांगायचं तर मला तो रविवार हवा होता. तीन वर्षं कॅन्टीनवाले विचारत होते, दिसतो कधी तुझा पोरगा. मी त्यांना सांगून ठेवलं होतं, सहा वाजता लावा, पहिल्यापासून आहे. बापाला पोराच्या डोक्याची काळजी नव्हती असं नाही. पण त्या रविवारी काळजीपेक्षा मिरवायची हौस मोठी होती. लिहायला लाज वाटते. पण खोटं लिहायचं असतं तर लिहायला बसलोच नसतो.

तर सेल काढला. तिनं मूठ उतरवली, तव्यावर टाकली. मिरच्या काळ्या झाल्या, घरभर धूर झाला, माझे डोळे चुरचुरले. ठसका मात्र लागला नाही. तिला नाही आणि मला पण नाही.

"बघा," ती म्हणाली, "केवढी लागली होती."

"खिडकी उघडी आहे अगं."

"उघडी असली म्हणून काय झालं? रोज उघडीच असते."

खेळ सुरू झाला. पोराचं नाव पडद्यावर आलं, खाली हाउन्सलोचं नाव आलं. ती उठून उभी राहिली, मग बसली. छाती चोळत होती. म्हणाली, "जळजळतंय."

मी म्हटलं, "मिरचीचा धूर गेला असेल." टीव्हीवरची नजर न काढता म्हटलं.

ती म्हणाली, "हो. तोच असेल."

दोघांनाही तेच पटलं. दृष्ट एवढी मोठी निघाली म्हणजे कोणाला तरी थोडं भोवणारच, असं ती म्हणाली आणि हसली. मी गार दूध आणून दिलं. दूध तिनं अर्धं प्यायलं. एवढ्यात पोरानं समोरच्या गड्याला उलथा पाडला. मी ओरडलो, "बघितलंस?" वळून बघितलं तर दूध मांडीवर सांडलेलं होतं आणि मान एका बाजूला.

ॲम्ब्युलन्स लवकर आली. दोन मुली होत्या. हॉलच्या मधोमध तिला गालिच्यावर घेतली आणि छाती दाबायला लागल्या. टीव्ही चालूच होता. एक म्हणाली, आवाज बंद करता का. मला रिमोट सापडेना. मी भिंतीतला प्लग उपटला.

हॉस्पिटलमध्ये अर्ध्या तासात एक डॉक्टर बाहेर आला आणि माझ्याशेजारी खुर्चीवर बसला. डॉक्टर शेजारी बसला की कळतं.

पोराला फोन लावून उपयोग नव्हता. तो मैदानात, फोन कपाटात. मी घड्याळ बघत बसलो. समोर माणसं येत होती, जात होती, आणि तिकडं पोरगं धडका मारत होतं. त्याला आई होती अजून. मला वाटलं, असू दे अजून तासभर. तो खेळायला लागल्यापासून पहिल्यांदाच आमच्या घरातलं कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. पडला तर मोजायला कोणी नव्हतं.

खेळ संपल्याच्या अंदाजानं फोन लावला. त्यानं उचलला. मी म्हटलं, "तुझी आई गेली."

तो म्हणाला, "ओके."

मी परत सांगितलं. म्हणाला, "ओके बाबा. ओके. मी येतो. सकाळी फोन करतो." आवाज सपाट. रडला नाही, कधी, कशानं, काही विचारलं नाही. मला राग आला. मनात म्हटलं, वा, एवढं खाऊ घातलं तिनं. मग वाटलं, धक्का बसला असेल, माणसं अशीच वागतात. मेव्हण्यानं मला घरी आणून सोडलं. थांबतो म्हणाला. मी नको म्हटलं.

सकाळी दहाला फोन वाजला. पोराचाच. तिकडं तेव्हा पहाटेचे पाच.

"बाबा, सॉरी. काल फोन करायचा राहिला. मॅच बघितला ना? आई रागावली का? द्या तिला."

मी स्वयंपाकघरात उभा होतो. समोर शेगडीवर तवा तसाच होता, जळक्या मिरच्यांसकट. तो म्हणाला, "झोपलाय का ती? उठवू नका. माझा डोकं फार दुखतंय, झोप लागेना म्हणून लावला. काल एक हिट जरा जोरात लागला. कोणाला बोललो नाही, बोललं की बाहेर बसवतात. तुम्ही पण बोलू नका तिला."

मी ओट्याला धरून खाली बसलो. गुडघे वाकत नाहीत माझे, पण बसलो.

"काल रात्री आपण बोललो," मी म्हटलं.

"नाही बाबा."

"बोललो. मी तुला काय सांगितलं ते आठव."

मग म्हणाला, "बाबा, मला आठवत नाही." घाबरलेला आवाज होता. लहानपणी अंधारात जिन्यात अडकला होता तेव्हा असा आला होता.

मी त्याला म्हटलं, आधी टीमच्या डॉक्टरला दुसऱ्या फोनवरून फोन लाव. दुसरा फोन नाही म्हणाला. मग मेसेज कर म्हटलं, माझा फोन बंद न करता. लिही, हिट बसला, आठवत नाही, लगेच या. त्यानं लिहिलं. मला वाचून दाखवलं. थोड्या वेळानं म्हणाला, डॉक्टर येतोय, वीस मिनिटं.

"आता कागद पेन घे."

"कशाला?"

"घे म्हणतो ना."

घेतला. मी म्हटलं, "लिही. आई रविवारी गेली."

पेन चालल्याचं ऐकू येईना. मी विचारलं,

"लिहिलंस?"

"कुठे गेली?"

"मेली रे. हार्ट बंद पडलं. लिही."

पेनचा आवाज आला मला. खरंच आला. मी म्हटलं, "त्याच्या खाली लिही. आई म्हणाली पुरे झालं. बाबा म्हणाले घरी ये, आता खेळायचं नाही." हे बुधवारी बोलायचं होतं. पाच दिवस उशिरा बोललो, आणि तेही लिहून घ्यायला लागलं.

"लिहिलं," तो म्हणाला.

"वाच."

त्यानं वाचलं, शाळेतल्या पोरासारखं, एकेक शब्द. थोडं थांबला आणि म्हणाला, "बाबा, आईला फोन द्या ना."

"कागद बघ. वाच."

परत वाचलं. मी फोन ओट्यावर ठेवला नाही, कानालाच धरला. तिसऱ्यांदा वाचायला लावलं. चौथ्यांदा पहिल्या ओळीवर त्याचा आवाज फुटला आणि तो रडायला लागला, तोंड उघडं टाकून, मोठमोठ्यानं. एकशेतीस किलोचा माणूस. मी अडवलं नाही. म्हटलं, रड. लक्षात राहिलंय तोवर रड.

तिकडं दार वाजलं. डॉक्टरचा आवाज आला. मी पोराला म्हटलं, "कागद त्यांच्या हातात दे." मग कागदाचा आवाज आला आणि डॉक्टरनं विचारलं, यात काय लिहिलंय. पोरानं इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा दुसरी ओळ सांगितली, आई म्हणाली पुरे झालं, ती.