आंबीच्या रेणुकानं जोडलेलं कटर

आंबीच्या कारखान्यात रेणुका वीसेक वर्षं पंपांच्या लाइनवर होती. पट्ट्यावरून पंप यायचा, ती झाकणाचे बोल्ट आवळायची, पंप पुढे जायचा. आत काय भरलंय, सुरू झाल्यावर तो आवाज कसा करतो, हे तिला कधी कळलं नाही. कारखाना दुसरीकडे हलला, तिची नोकरी सुटली आणि ती घरी बसली. घरात काम कमी नव्हतं, पण रिकाम्या हातांना चैन पडत नव्हती.

शेजारचे हनुमंतभाऊ तुंगार्लीच्या बंगल्यांमधली झाडं छाटायचे. घाईत त्यांनी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं नाही आणि त्यांच्या साखळीवाल्या कटरचं इंजिन जाम झालं. तोंड पाडून ते ओट्यावर बसले होते.

"भाऊ, अख्ख्या कटरचे सुटे भाग खोक्यात भरून मिळतात," रेणुका म्हणाली. "मोबाइलवर बघितलंय मी. तुमी मागवा, मी जोडते."

"तुला येतं व्हय?"

"न्हाई. शिकंन की."

"बोल्ट तरी ढिला ठेवायची न्हाईस तू," भाऊ म्हणाले आणि तयार झाले.

खोकं आलं. रेणुकानं जुनी साडी अंथरून सगळे भाग मांडले. सोबत माहितीचा एक कागदही नव्हता. उर्स्याच्या टोलनाक्यावरून ड्युटी संपवून आलेला तिचा नवरा संदेश दारातच थबकला.

"हे एकाच मशीनचं आहे, का दोन मशीनचं?"

"एकाचंच. पाय जपून टाका."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी, शकुबाईंनी, मटार काढायला फ्रीजर उघडला, तर पिशवीशेजारी पोलादी कड्या.

"अगं, हे काय गारठत ठेवलंस?"

"बेअरिंग हाये, आत्या. गार झालं की आकसतं. तिकडं इंजिनचा डबा तापवला की फुगतो. मग आपसूक बसतं."

डबा खरोखरच मंद आचेवर, भाकरीच्या तव्यावर होता. शकुबाईंनी कपाळाला हात लावला, पण हलल्या नाहीत. रेणुकानं फडक्यात धरून पहिलं बेअरिंग तापलेल्या डब्यात सोडलं. टप करून ते जागेवर बसलं. शकुबाईंना तो आवाज फार आवडला.

"दुसरं मी टाकते," त्या म्हणाल्या. आणि टाकलंही, अगदी सरळ.

पुढचं इतकं सोपं गेलं नाही. पिस्टनची रिंग चढवताना काडीसारखी मोडली. नशिबानं खोक्यात जास्तीची होती. पिस्टनची पिन सटकू नये म्हणून लावायची बारीक तार हातातून उडाली, ती सगळ्या घरानं गुडघ्यांवर रांगत शोधली. शेवटी संदेशनं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवलं, तेव्हा ती उंबऱ्याच्या फटीतून वर आली. रेणुका मोबाइलवरचा व्हिडिओ थांबवायची, भाग हातात फिरवून बघायची, मग बसवायची. चुकलं की काढायची. कारखान्यात मागून दुसरा पंप यायचा. इथं तिला घाई करणारं कुणी नव्हतं.

रविवारी भाऊंच्या अंगणात कटर नेलं. तिनं दोरी ओढली, पुन्हा ओढली. काहीच नाही. प्लग काढला तर पेट्रोलनं भिजलेला. पुसून लावला, श्वास घेतला, दोरी ओढली. आणि मशीन असं गरजलं की कोंबड्या परसात पळाल्या.

भाऊंनी जांभळीच्या ओंडक्यावर पातं टेकवलं. धूर निघाला, भुसा मात्र चिमूटभरही नाही. लाकडाला नुसता काळा चट्टा पडला. भाऊंनी मशीन बंद केलं. बघायला जमलेले सगळे जवळ सरकले.

रेणुका वाकली, साखळीचे दात निरखले आणि एकदम हसायला लागली.

"भाऊ, साखळी उलटी हाये. मीच बसवली."

भाऊही हसले, मग सगळं अंगण हसलं. तिनं साखळी सुलटी केली. या खेपेला भुसा भाऊंच्या पायांवर सांडला आणि ओंडका मधोमध दुभंगला.

पुढं एका वादळी संध्याकाळी तुंगार्लीत सिल्व्हर ओकचं एक झाड बंगल्याच्या फाटकात आडवं झालं. सकाळी भाऊ कटर घेऊन निघाले आणि रेणुकाच्या दारात थांबले.

"तू बी चल. जोडलंस, आता चालवून बघ."

शकुबाई आतूनच म्हणाल्या, "जा गं, सैपाकाचं मी बघते."

भाऊंनी तिला जाड बूट, चष्मा दिला आणि उभं कसं राहायचं ते दाखवलं. आधी ते स्वतः मागं उभे राहिले, मग हळूच बाजूला झाले. रेणुकानं पातं टेकवलं. ओल्या लाकडाचा वास आला, साखळी आत शिरत गेली आणि बुंध्याचा तुकडा धप्पकन खाली पडला.

बंगल्याच्या मालकीणबाई पायऱ्यांवर उभ्या होत्या. "कुठल्या कंपनीचं आहे हो हे?"

"कंपनी न्हाई," भाऊ म्हणाले. "ह्या बाईनं बनवलंय."

रेणुकानं चष्मा वर केला, नाकावरचा भुसा पुसला आणि पाणी मागितलं. पाण्यासोबत पोहे आले. दोघांनी ओंडक्यावर बसून खाल्ले, आणि मग ती उरलेल्या फांद्यांकडे वळली.