चार सेकंद पुढे

दादाचा फोन रोज आठला दोन मिनिटं कमी असताना यायचा. त्या दिवशी तो सहालाच आला. उचलताच मी म्हटलं, "अरे, आठ वाजायचेत अजून." पलीकडे वहिनी होत्या... मी चेरीतालच्या त्यांच्या घरी पोचेपर्यंत सारं संपलं होतं.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेला. केबल होती तेव्हा आम्ही आपापल्या घरी एकच मराठी मालिका पाहायचो आणि जाहिराती लागल्या की फोनवर भांडायचो. मग दोन्ही घरांत टीव्ही इंटरनेटवर आला. मालिका केव्हाही लावता येऊ लागली. तो दुपारीच पाहून बसायचा, मी जेवणानंतर. भांडायची वेळच उरली नाही. आठवड्यात दादा वैतागला. "पंगत सोडून आपापला डबा खाऊन राहिलो आपण!" त्यानं नियम काढला: आठला फोन, दोघांनी एकदम बटण दाबायचं, पुढचा भाग चोरून पाहायचा नाही.

तरीही त्याचं चित्र माझ्या चित्राच्या चार सेकंद पुढे धावायचं. मी घड्याळ लावून मोजलं होतं. फोनमधून आधी दादाचं हसू यायचं, विनोद मागून.

"काहून रे, हसला नाहीस?"

"माझ्याकडे आला नाही अजून."

"तुझं नेट पायी येऊन राहिलं का?"

तो गेला तेव्हा मालिकेचा शेवटचा भाग राहिला होता. तेरावा झाला, वर महिना गेला. आठ वाजले की मी उठायचो, पंखा कमी करायचो, पाणी प्यायचो, रिमोट उचलायचो, ठेवायचो. एकट्यानं पाहिला तर नियम मोडणार. नाही पाहिला तर तो भाग डोक्यात तसाच टोचत राहणार... मुलगी म्हणाली, "बाबा, देख लो ना. काका थोडेच रागावतील!" रागावला असता तर बरंच होतं.

परवा आठला दोन मिनिटं कमी असताना फोन वाजला. पडद्यावर दादाचंच नाव.

"भाऊजी, बसलात का?" वहिनी विचारत होत्या. "मी कधी पाहिली नाही हो ही मालिका. स्वयंपाकघरात नुसतं यांचं हसणं ऐकू यायचं. शेवट तरी पाहू म्हटलं... चलो, दाबा."

दोघांनी दाबलं. भाग सरत आला. मालिकेतले रुसून गेलेले आजोबा घराच्या दारापाशी आले, कडी वाजवली. दार अजून बंदच होतं, आणि फोनमधून वहिनींचं हसू आलं.

मी बंद दाराकडे पाहत थांबलो.