आडव्या खाचा

जलशुद्धीकरण केंद्रातल्या फिटरला सगळे ‘धसका’ म्हणत. नाव बायकोनं ठेवलं असं पंपवाला सांगे, पंपवाल्यानं ठेवलं असं बायको सांगे. ठेवलं कोणीही असो, मापानं शिवलेल्या सदऱ्यासारखं ते त्याला बसलं होतं. एकतीस वर्षांच्या नोकरीत या गृहस्थानं भीतीपोटी तीनदा अख्ख्या वस्तीचं पाणी तोडलं. एकदा टाकीत मगर दिसली (निघालं जुनं टायर), एकदा पाण्याला रॉकेलचा वास आला (रॉकेल त्याच्याच रुमालाला लागलं होतं), आणि तिसऱ्यांदा नुसतंच मन खात होतं म्हणून. तेव्हा साहेबांनी लेखी बजावलं: चौथ्यांदा विनाकारण पाणी बंद झालं, तर कायमचे घरी बसा. तो कागद धसका पाकिटात घेऊन हिंडे.

यंदा जुना नागमोडी पाट पाडून इंजिनिअर बाईंनी आखूड, सरळ पाट बांधून घेतला. त्याच्या तोंडाशी, उजव्या भिंतीला लागून, नळीतून क्लोरीनचं औषध पडे. वीस पावलांवर पाणी दोन पाइपांत वाटलं जाई. तेवढ्या वीस पावलांत औषध मिसळायला हवं, म्हणून दोन्ही भिंतींना खाचा पाडलेले चौकोनी पत्रे ठोकायचे होते. बाई परगावी होत्या. फोनवर म्हणाल्या, “खाचा आडव्या हव्यात, काका. आडव्या, विसरू नका.”

धसका विसरतोय कुठला! त्यानं तळहातावर लिहून घेतलं. दोन दिवस खपून, पातळी लावलावून त्यानं एकूण एक पत्रा बसवला.

सोमवारी सकाळी पाणी सोडलं. तेल घसरावं तसं ते निघालं. लाट नाही, बुडबुडा नाही, आवाज नाही.

“वा रे पठ्ठ्या!” पंपवाला खूश झाला. “पंपाला जोरच लागत नाही. खाचांनी पाण्याला कसं वळण लावलंय बघ!”

धसका मात्र पाटाला कान लावून उभा राहिला. जुना पाट दिवसभर खळखळायचा, बडबड्या सासूसारखा. हे पाणी गप्प का? पाऊण तासात डाव्या पाइपचं पाणी त्याच्या लेकीच्या गल्लीत पोहोचणार होतं, आणि लेकीकडे तीन महिन्यांचं, बाटलीनं पावडरचं दूध पिणारं पोर.

अर्धा तास तो पाटाच्या काठाकाठानं येरझारा घालत राहिला. शेवटी कपाटातून चिमूटभर जांभळी पूड आणून त्यानं तांब्याभर पाण्यात कालवली आणि औषध पडतं तिथेच ओतली. जांभळी रेघ निघाली ती उजवी भिंत धरून, दोरा ओढावा तशी, थेट उजव्या पाइपात. डाव्या पाइपाला तिचा वासही नाही.

हात व्हॉल्व्हच्या चाकावर गेला आणि तिथेच थिजला. पाकिटातला कागद छातीला टोचू लागला. टायरची मगर करणारे डोळे ते! त्याचा स्वतःवरच विश्वास नव्हता.

“अरे, तुला काय दिसतंय?” त्यानं पंपवाल्याला विचारलं.

पंपवाल्यानं वाकून पाहिलं. त्याची थट्टा जागच्या जागी विरली. “बंद कर, धसक्या.”

तोवर चाक फिरू लागलंही होतं.

त्यानं बाईंना फोन लावला. “औषध मिसळत नाही हो, बाई!”

“खाचा आडव्या लावल्यात ना?”

“आडव्याच! जमिनीला समांतर. केसाचा फरक नाही.”

“अहो काका, पाण्याला आडव्या! पाण्याची वाट अडवतील अशा! म्हणजे भिंतीवर उभ्या.”

“आमच्याकडे उभ्याला उभं म्हणतात, बाई.”

“चुकलं माझं. खाच पाण्याच्या दिशेनं गेली की पाणी आपापली रांग सोडत नाही, घसरत जातं. खाच आडवी आली की ठेचकाळतं, गिरक्या घेतं, तेव्हा मिसळतं. पंपाला जोर पडेल, पडू दे. पत्रे पाव फेरा फिरवा.”

धसक्यानं घड्याळ पाहिलं. पाणी सुटल्याला पन्नास मिनिटं झाली होती. म्हणजे चाक फिरण्याआधी पाइपात शिरलेलं पाणी उतारानं गल्लीत पोहोचलं!

पंपवाला मोटरसायकलवर टांग टाकून गल्लीत ओरडत फिरायला निघाला. धसका लेकीला फोन लावत बसला. एकदा वाजला, उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा उचलला, तो मागे नातवाचा टाहो.

“बाबा, नंतर करा. भूक लागलीये त्याला, बाटली भरतेय.”

“थांब! पाणी कुठलं?”

“नळाचं.”

तो पाटाच्या काठावर मटकन बसला.

“उकळून गार केलेलं, बाबा,” लेक म्हणाली. “तुमच्या पोटी जन्मले मी. न उकळता पाजीन का?”

दुपारी पत्रे फिरले. पाणी उड्या मारत, धडपडत, भांडत निघालं, आणि जांभळी पूड निम्म्या वाटेवरच फिक्या गुलाबी रंगात हरवली. पंप कण्हू लागला. धसक्याला ते कण्हणं अंगाईसारखं वाटलं.

पण गल्लीत बाकीची घरंही होतीच. पुढचे आठ दिवस धसका रोज कामावर जाण्याआधी त्या गल्लीतल्या दवाखान्याच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी, “पोट कसंय?” पोट धरून आलेला एकच जण भेटला. त्यानं पैजेवर बावीस केळी खाल्ली होती. तरीही धसक्यानं त्याला दोनदा विचारलं, “वरून पाणी कुठलं प्यायलात?”