हॅगल आणि बार्गेन

"ही नोटीस कोणी लिहिली?"

युनियनचे सेक्रेटरी तावडे आमच्या मुलुंडच्या कारखान्याच्या गेटवर उभे होते. बोर्डावरून उपटलेला कागद त्यांच्या हातात होता. अक्षर माझं होतं.

फोरमनशी भांडला म्हणून अंतोनला कामावरून काढलं होतं. त्याला परत घ्या, नाही तर दोनच्या शिफ्टपासून संप, असं युनियनने कळवलं होतं. मी ऑफिसात टायपिस्ट. साहेबांच्या इंग्रजी नोटिसांचं मराठी करून हाताने लिहिणंही माझ्याच गळ्यात. त्यांनी दोन वाक्यं दिली होती. मॅनेजमेंट हॅगल करणार नाही. मॅनेजमेंट बार्गेन करायला तयार आहे.

डिक्शनरीत दोन्हींपुढे एकच शब्द होता, घासाघीस. घाईत मी तोच दोनदा लिहिला. म्हणजे बोर्डावर लागलं ते असं: 'व्यवस्थापन घासाघीस करणार नाही. व्यवस्थापन घासाघीस करण्यास तयार आहे.'

"आमची मस्करी करतंस काय गो बाय?" तावडे गरजले. "माणसाची घासाघीस? अंतोन काय बांगडो आसा?"

मागे अंतोन मान खाली घालून उभा होता. घरात कमावणारा तो एकटाच.

दीड वाजला होता. मी धावत साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, चूक माझी आहे. हॅगल आणि बार्गेनमध्ये फरक काय?"

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हॅगल म्हणजे नुसती खेचाखेच. बार्गेन म्हणजे दोघांनी थोडं थोडं सोडून काहीतरी ठरवायचं. फोरमनने शिवी द्यायला नको होती, हे मी मान्य करतो. अंतोनने हात उगारल्याबद्दल माफी मागावी. जा, सांगा त्यांना."

गेटवर जमलेले सगळे कामगार माझ्याकडेच बघत होते.

"मासळी घेताना करतो ते हॅगल," मी म्हटलं. "सोयरीक ठरवायला दोन्हीकडची माणसं बसतात ना, ते बार्गेन. साहेब तुम्हाला बोलणी करायला बोलावतायत. घासाघीस हा शब्द माझा. त्यांचा नाही."

तावड्यांनी अंतोनकडे पाहिलं.

"मग आधी तसा लिहूक काय झाला होता?" ते पुटपुटले आणि अंतोनला घेऊन आत गेले.

दोनचा भोंगा झाला. एकही माणूस जागचा हलला नाही. वीस मिनिटांनी अंतोन बाहेर आला आणि कोणाशी न बोलता सरळ आपल्या मशीनकडे गेला. मग बाकीचेही गेले.

नंतर साहेबांनी मला आत बोलावलं. बोलणी त्यांनी केली, खाल्ली मी. धडा एवढाच की नोटीस बोर्डावर लावण्याआधी एकदा मोठ्याने वाचावी.