घेवड्याच्या पानावरचा नाग

माझ्या दूरदेशीच्या पीकतज्ज्ञ नातवंडांनो,

परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "काढला ना वेल?" म्हणून हे लिहिते. तुमच्या निकालावर माझं अपील समजा.

नागपंचमीच्या सकाळी इथे वाईत आपल्या घेवड्याच्या पानांवर पांढऱ्या नागमोडी रेषा दिसल्या. आजोबांनी फोटो पाठवला आणि तुमच्या अ‍ॅपने चहा निवायच्या आत सांगितलं: विषाणू, वेल मुळासकट काढा. सांगलीला माझ्या आईच्या परसात होता, त्या घेवड्याचं हे बी. ती गेल्यावर डबीत सापडलेल्या दाण्यांतला हा एवढाच रुजला. पण अ‍ॅपला असल्या भाबड्या गोष्टींशी काय देणंघेणं!

आजोबा पडले फौजेतले. लगेच कुदळ घेऊन बाहेर.

"कोणाची ऑर्डर?" मी विचारलं.

"नातवंडांची. लागण पसरेल म्हणतात."

"कुठवर? अमेरिकेपर्यंत?"

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारीणबाई ओरडल्या. त्या शिराळ्याकडच्या. "आवं काका, ठेवा ती कुदळ! नागपंचमीला जमीन खणत्यात व्हय?" मग आत येऊन त्यांनी पान पाहिलं आणि हातच जोडले. "काकू, नाग उमटलाय की वो!" पानाला हळदकुंकू लागलं. विज्ञानाने रोगी ठरवलेला वेल धर्माने देव केला. दोघांनीही पान उलटून पाहिलं नव्हतं.

फाशी एका दिवसाने लांबली. मी वेलावरचं पान तसंच उन्हाकडे धरलं आणि भिंग लावलं. रेषा एका टोकाला दोऱ्याएवढी, पुढे रुंद होत गेलेली. म्हणजे आत कोणीतरी खात खात वाढत होतं. रेषेच्या कडेने काळे ठिपके, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. ती त्याची शी. पतंगाची अळी बहुतेकदा मधोमध रेघ ओढत जाते. माशीची अळी कुशीवर पडून खाते आणि कूस बदलते, म्हणून ठिपके दोन्ही कडांना. रुंद टोकाशी ती पिवळी बाई बसलेली होतीच. आपले शेतकरी तिला नागअळी म्हणतात. बाळांनो, विषाणू शी करत नाहीत. एवढं तरी तिकडे शिकवत असतील.

मी भिंग आजोबांच्या हातात दिलं. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"म्हणजे शत्रू आत बसून जेवतोय," ते म्हणाले. "मग खंदक कशाला खणायचा?"

कुदळ कोपऱ्यात गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही उन्हात धरून धरून, अळी आत दिसेल तेवढीच पानं खुडली. हळदकुंकवाच्या पानातली मात्र रातोरात चीर पाडून मातीत उतरली होती. तिला पूजा पावली.

वेल अजून आहे. खालच्या पानांवर रेघोट्या आहेत, आणि वरच्या दोन शेंगा बियाण्यासाठी ठेवल्या आहेत.