बारशाच्या दिवशी मनकर्णा वहिनी

आमची मनकर्णा वहिनी विळ्याने फुरसं मारते आणि सासूला तोंडावर उत्तर देते. घाबरते ती फक्त शेंबडाला. घाटनांदुरात कुठं कुणी शिंकलं, की ती पदर नाकाला लावून पोराला आत नेते. मी तिला ‘सर्दी खात्याची हवालदार’ म्हणायचो. ती हसायची, पण पोराचा हात सोडायची नाही.

हे पोर म्हणजे शिवशंकर. तान्हा होता तेव्हा घरात सगळ्यांचीच नाकं वाहत होती. आमची वाळली, त्याची सर्दी छातीत उतरली. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डे पडायला लागले, त्यानं अंगावर प्यायचं सोडलं. अंबाजोगाईला नाकात ऑक्सिजनची नळी घालून ठेवला. सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, “विषाणू होता, गेला. पण इतक्या लहानपणी छाती अशी धरली, की पुढे दम्याचा धोका वाढतो. होईलच असं नाही.”

वहिनीच्या कानात ‘धोका’ तेवढा राहिला. आता शिवा पहिलीत आहे. सोयाबीनची मळणी सुरू झाली, की त्याच्या छातीत शिट्टी वाजते आणि वहिनी दम्याचा पंप घेऊन त्याच्या मागं धावते.

परवा माझ्या बहिणीच्या, संस्कृतीच्या लेकीचं बारसं होतं. वहिनी सकाळपासून पाळण्याला चिकटून.

“वहिनी, पाहुण्यांची नाकं तपासूनच आत सोडायचं का?”

“तुमचं आधी तपासते, भावजी.”

तेवढ्यात बबनराव अप्पा आले. गावच्या शेतकरी सोसायटीच्या निवडणुकीत आमच्या बापूंना, म्हणजे वडिलांना, तिकीट द्यायचं की नाही, ते यांच्या हातात. मागं चार कार्यकर्ते, अप्पांच्या हातात रुमाल, नाक टमाट्यासारखं लाल.

“आणा बाळाला,” ते मांडी घालून बसत म्हणाले. “फोटो होऊ द्या.”

बापू लगबगीनं पाळण्याकडं वळले. वहिनीनं त्यांच्याआधी बाळ उचललं आणि छातीशी धरलं. डोक्यावरचा पदर नीट होता.

“न्हाई, अप्पा. तुमाला सर्दी हाय.”

बाया पाळणा म्हणायच्या थांबल्या.

“सूनबाई!” बापू ओरडले.

“मी काय रोगी हाय का?” अप्पांनी विचारलं.

“तुमची सर्दी परवा जाईल, अप्पा. हिच्या छातीत बसली तर जन्माचं होऊन बसंल. माझ्या लेकराचं बघितलंय मी.”

अप्पा उठले, “असू द्या, असू द्या,” म्हणाले आणि न जेवता गेले. आईनं तोंड सोडलं, “दारातून माणूस उपाशी गेला! काहून गं केलंस असं?” संस्कृती रडायला लागली, “माझ्याच पोरीच्या बारशात...”

आणि बाळ शिंकलं.

एकदाच, मांजराच्या पिलाएवढं. आईचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. वहिनीनं बाळाला खाली निजवलं, झबलं वर केलं आणि बरगड्यांकडं बघत बसली. आम्ही सगळे वाकलो.

“भावजी, उजेडातून सरका.”

मी सरकलो. इवलीशी छाती भराभर वरखाली होत होती. संस्कृतीनं वहिनीचं मनगट गच्च धरलं.

“वहिनी, छाती एवढी हलतेच ना? बरोबर हाय ना?”

वहिनीनं बाळाच्या बरगड्यांखाली बोट ठेवलं. ती बघत होती.